फुटलेला तापमापक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पहिली आठवण आली ती १९७८ सालची, नववीतली. प्रयोगशाळेत माझ्या हातून तापमापक फुटला आणि पाऱ्याचे थेंब टेबलावरून घरंगळत फरशीच्या भेगांत शिरले. वडील लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. त्यांना शाळेत बोलावले तर एक पाळी बुडेल, या धास्तीने मी जागीच उभा राहिलो. सरांनी कोणालाही पाऱ्याला हात लावू दिला नाही. कागदाच्या घडीने थेंब गोळा केले, भेगांत गंधकाची पूड भुरभुरली आणि मग शांतपणे म्हणाले, "असाच एक तापमापक जर्मनीत फुटला होता. त्याचा हादरा बिहारच्या शेतांपर्यंत गेला."

नीळ शतकानुशतके झाडापासून निघत असे. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० साली ती प्रयोगशाळेत तयार केली, पण त्यांची रीत कारखान्याला परवडणारी नव्हती. स्वस्त कच्चा माल होता तो डांबरातल्या नॅप्थलीनचा, म्हणजे आमच्या ट्रंकेत आईच्या शालूच्या घडीत ठेवलेल्या डांबरगोळीचा. दगडी कोळशापासून गॅस काढताना डांबर उरते, हे गॅस कंपनीच्या गल्लीत खेळणाऱ्या आम्हा मुलांना निराळे सांगावे लागले नाही. मात्र नॅप्थलीनपासून नीळ करण्याच्या वाटेवर थॅलिक अॅनहायड्राइड लागते आणि तिथेच गाडी अडली होती. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत झापर नावाचे रसायनज्ञ नॅप्थलीन तीव्र गंधकाम्लात तापवीत असताना तापमापक फुटला, पारा मिश्रणात मिसळला आणि रेंगाळणारी क्रिया झपाट्याने पार पडली. पारा उत्प्रेरक ठरला होता.

१८९७ मध्ये ही कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानातील निळीचा व्यापार खचला. चंपारण्यात कुळांना जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांपैकी (कठ्ठा हे तिथले जमीन मोजण्याचे माप) तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती; नीळ तोट्यात गेल्यावर मळेवाल्यांनी या सक्तीतून मोकळे करण्याच्या मोबदल्यात कुळांचा खंड वाढवला किंवा एकरकमी भरपाई उकळली. १९१७ साली गांधीजी तेथे गेले ते याच गाऱ्हाण्यांपायी. इतिहासाच्या पुस्तकात तापमापकाचा उल्लेख नव्हता, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात चंपारण्याचा. ती दोन पुस्तके आमच्यासमोर एकत्र उघडली ती सरांनी.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वडिलांकडून चिमूटभर निळीची पूड आणायला सांगितली. (ती अॅनिलीनपासून केलेली होती आणि नॅप्थलीनची रीत केव्हाच मागे पडली होती, हे मला पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, शिकताना कळले.) नीळ पाण्यात विरघळत नाही. सरांनी चंचुपात्रात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (निळीतला प्राणवायूचा अंश काढून तिला विरघळवणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड) घालून ती कोमट केली, तसे पाणी पिवळसर हिरवे झाले. त्यात आपला पांढरा रुमाल बुडवून त्यांनी तो खिडकीत धरला. रुमाल पिवळाच होता. मग कडेपासून हिरवा होऊ लागला आणि हवेतला प्राणवायू लागेल तसतसा आमच्या डोळ्यांदेखत निळा होत गेला. वर्गात कोणी बोलत नव्हते.

तो रुमाल सरांनी मला दिला. रात्री वडिलांनी तो दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला, बोटांनी चोळला आणि म्हणाले, "सरांना सांग, रंग चांगला चढलाय. गडद हवा असेल तर वाळवून आणखी दोनदा बुडवायचा."