नेट तुटलं तरी फाईल धड आली पाहिजे

वेचणीचे दिवस आहेत, शेजारच्या काकूंची पोरगी दिवसभर आईसोबत वावरात असते, अंधार पडला की लॅपटॉप घेऊन आमच्या ओसरीवर येते आणि सध्या आमचं पॅच टेस्टिंग, म्हणजे कोणी कोडमध्ये सुचवलेला बदल तपासून पाहणं, चालू आहे. एक छोटा ओपन सोर्स डाउनलोडर आहे, नेट मधेच तुटलं की तो पहिल्यापासून सुरू करतो, पॅच लावल्यावर तुटलं तिथून पुढे घेईल असं पॅचवाल्याचं म्हणणं. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात हे तपासायला वेगळा सेटअप लागतच नाही, लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो.

आज तिनं पॅच लावला, कोडपासून प्रोग्राम बिल्ड केला, हॉटस्पॉट बंद-चालू करून पाहिला आणि म्हणे, "दादा, चालून राहिलं ना! लिहून टाकू का?" म्हटलं थांब ना माय, आधी पॅच काढ. "काहून? आत्ताच तर लावला!" अगं पण पॅच नसताना ते खरंच पहिल्यापासून सुरू होते का हे तू तुझ्या डोळ्यानं पाहिलंच नाही, मग पॅचमुळेच सुधारलं हे कशावरून सांगशील? मेन ब्रँचवर, म्हणजे पॅच नसलेल्या मूळ कोडवर, जाऊन तिनं बघितलं, होत होतं, तेव्हा पटलं तिला.

मग खरी गोष्ट. रेझ्युम करताना, म्हणजे तुटलं तिथून पुढे घेताना, प्रोग्राम सर्व्हरला रेंज हेडर पाठवतो, म्हणजे अमुक बाइटपासून पुढचं दे. सर्व्हरनं मानलं तर उत्तर येतं २०६ आणि फक्त उरलेला तुकडा मिळतो, नाही मानलं तर २०० येतं आणि सगळी फाईल पुन्हा पहिल्यापासून येते. तिला म्हटलं असा न मानणारा सर्व्हर लाव बरं, तर पायथॉनचा साधा सर्व्हर तिच्या मशीनवर होताच, त्याच्यावर १८० एमबीची फाईल ठेवली, ७० एमबीला तोडली, पुन्हा सुरू केली. प्रोग्राम म्हणे पूर्ण झालं. पोरगी स्क्रीनकडे पाहतच राहिली, फाईल २५० एमबीची! जुन्या तुकड्याला सगळी नवी फाईल चिकटली होती आणि एररचा पत्ता नाही. शा-२५६ चेकसम, म्हणजे फाईलमधल्या डेटावरून काढलेली तिची ओळखखूण, अर्थातच जुळला नाही. मला इतका आनंद झाला ना, कारण हे तिनं स्वतः पकडलं होतं.

रिपोर्ट तिच्याकडूनच लिहून घेतला. पहिल्यांदा एकच ओळ होती, "मोठी फाईल बिघडते." म्हटलं जो माणूस कधी आपल्या गावात आला नाही त्याला तुझ्या लॅपटॉपवर काय झालं ते जसंच्या तसं करून पाहता आलं पाहिजे, मग तिनं कोणत्या कमिटवर (म्हणजे कोडच्या कोणत्या नोंदीवर), कोणती कमांड, किती एमबीला तोडलं, काय व्हायला पाहिजे होतं न काय झालं, सगळं टाकलं. मधेच विचारते, कोड तर माझा नाही, मग माझं नाव कायले? लिनक्स कर्नलमध्ये टेस्ट करणाऱ्याचं नाव टेस्टेड-बाय म्हणून कमिटमध्येच जातं हे तिला दाखवलं, ती ओळ तिनं कितीतरी वेळ वाचली. कोड न लिहिणाऱ्याचं काम दुय्यम असतं हे पोरांच्या डोक्यात कोण भरवतं कोण जाणे, मला ते अजिबात मान्य नाही.

दोन केस राहिल्या. नेट बंद असताना सर्व्हरवरची फाईलच बदलली तर अर्धी जुनी अर्धी नवी येते का, त्यासाठी इफ-रेंज हेडर, म्हणजे फाईल तीच असेल तरच उरलेला तुकडा दे असं सांगणारं, जातंय का ते पाहायचं. आणि फाईल आधीच पूर्ण उतरलेली असताना रेझ्युम दाबलं तर ४१६, म्हणजे मागितलेला तुकडा देता येत नाही असं उत्तर, येईल, तेव्हा प्रोग्राम काय करतो? उद्या हीच आधी घेऊ म्हणाली.