तुम्ही विचारलंत म्हणून : धरण्याला मंडप का देता?

पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, गणपती मंडळाची पोरं विचारतात, आणि परवा तर आमच्या व्याह्यांनीच विचारलं. "इंदूरच्या रामबागेत तुमच्या टेंट हाउसचं नाव आहे. त्या धरणेवाल्यांना कशाला मंडप देता? रस्ता अडवून बसतात लेकाचे." त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती आणि बसले होते माझ्याच दुकानाच्या खुर्चीवर, म्हणून तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता सांगतो.

पहिलं कारण पोटाचं. चातुर्मासात लग्नं नसतात आणि गोदामात दऱ्या कुबट होतात. (दरी म्हणजे तुमची सतरंजी. इंदुरात सतरंजी म्हटलं की आमचे हमाल हसतात.) धरणं हे बारमाही गिऱ्हाईक. बयाणा मिळतो तो दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटांत, पण मिळतो. माझे पैसे आजवर बुडवलेत ते लग्नवाल्यांनी.

दुसरं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली. परवानगीसाठी धरणेवाल्यांबरोबर मीही जातो, कारण मंडपाचं माप मला ठाऊक असतं. अर्जात विषयाची एक ओळ असते, तिच्यावर साहेबांची नजरही ठरत नाही. घासाघीस चालते ती माझ्या सामानावर. दऱ्या टाका, पण वर कापड नको. बरं, कापड घाला, पण कनाती नकोत. गाद्या तर अजिबात नकोत. सुरुवातीला मला वाटायचं, कापडाचं एवढं काय? मग लक्षात आलं. मे महिन्यात इथल्या रीगल चौकातल्या गांधी पुतळ्यापाशी उघड्यावर माणूस तासभर टिकतो. डोक्यावर कापड आलं की संध्याकाळपर्यंत बसतो. आणि खाली गादी आली, की त्याच्याशी कुणालातरी येऊन बोलावंच लागतं. तासाभराची घोषणाबाजी ऐकून घेण्यात कुणाचं काय जातं?

2011 च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्रीनंतर पोलीस रामदेवबाबांच्या उपोषणाच्या मंडपात शिरले, झोपलेल्या लोकांची पळापळ झाली. टीव्हीवर ते बघताना मी आधी बाहेर पडायच्या वाटा शोधल्या. सवय, दुसरं काय. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं त्या प्रकरणाच्या निकालात झोप हासुद्धा माणसाचा हक्क आहे म्हटलं. आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका वकिलांनी ते सांगितलं तेव्हा गाद्यांकडे मी जरा आदरानं बघितलं.

याच वकिलांनी अहमदाबादच्या हिंमतलाल शहांची गोष्ट सांगितली. 1969 मध्ये त्यांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी नाही म्हटलं. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि 1972 मध्ये निकाल लागला : सरकार सभेला शिस्त लावू शकतं, पण वाटेल तेव्हा नाही म्हणायची मोकळीक पोलिसांना देता येणार नाही. उलट बाजूही त्यांनीच सांगितली. दिल्लीतल्या शाहीनबागच्या धरण्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल म्हणतो, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही, निदर्शनं नेमलेल्या जागी करा. त्यातलं रस्त्याचं मला पटतं. व्याही, तुमचं तेवढं खरं. म्हणून माझी अट असते, अँब्युलन्स जाईल एवढी वाट मोकळी ठेवा, नाहीतर मी मंडपाची बल्ली (खांब) ठोकणार नाही. नेमलेल्या जागेचं मात्र पटत नाही. ती नेमतो कोण? ज्याच्याविरुद्ध बसायचं, तोच. आणि वरातीसाठी जागा नेमल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नुकसान होतं का? होतं. एकदा पहाटे मंडप उतरवला गेला आणि माझ्या चौदा दऱ्या एका ठाण्यात जमा झाल्या. सोडवायला अकरा दिवस खेटे घातले. मिळाल्या तेरा. चौदावी मुंशीजींच्या, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनांच्या टेबलाखाली अंथरलेली होती, वर त्यांच्या चपला. तिच्या कोपऱ्यावर आमच्या आईनं लाल दोऱ्यानं घातलेली खूण स्पष्ट दिसत होती. मी बोललो नाही. जमावबंदीच्या कलम 144 चं आता 163 झालंय, इंदुरात कलेक्टरच्या जागी पोलीस कमिशनर आदेश काढतात, पण माझी दरी अजून तिथेच असेल.

मंडपाशिवायही लोक बसतात म्हणा. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, कामगारांचे पैसे थकले. कामगार दर रविवारी गेटावर जमत राहिले. वडील सांगायचे, दऱ्या फुकट नेता का विचारलं तर म्हातारे म्हणायचे, दादा, रविवारचा तासभर आहे, घालू कसातरी. त्या तासाचे असे तीसेक वर्षांचे रविवार झाले. 2023 च्या 25 डिसेंबरला 224 कोटींचा हिशेब चुकता झाला, तेव्हा किती जणांचे पैसे बायकामुलांनी घेतले! त्यांना आम्ही पहिल्या वर्षीच मंडप द्यायला हवा होता, असं माझं आपलं मत.

काल संध्याकाळी फोन आला. आशा कार्यकर्त्या आहेत, तीस-चाळीस बायका, परवानगी पाचपर्यंतची. रात्रीचं काय, विचारलं. ताई म्हणाल्या, "काका, ते पाच वाजल्यावर बघू."

टेम्पोत सामान भरताना मी पोराला दहा गाद्या जास्तीच्या टाकायला सांगितल्या. बिलात नको लिहूस म्हटलं.