आमची वाटचाल : फवारणी पंपापासून चेनसॉपर्यंत

आमचं दुकान मूळचं फवारणी पंपाचं. नव्वदच्या दशकात वडिलांनी नाशिकच्या पंचवटीत दिंडोरी रोडला एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि एचटीपी (जास्त दाबाने फवारणारे) पंप, पाठीवरचे पॉवर स्प्रे, ब्लोअर असं जे येईल ते रिपेअर करायला लागले. गिऱ्हाईक सगळं द्राक्षवालं, निफाड, पिंपळगाव, ओझर, मोहाडी, वणी इकडचं. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर पाऊस पडला की डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने शेतकऱ्याला एक फवारणी चुकवून चालत नाही, त्यामुळे पंप रात्री बंद पडला तर तो रात्रीच घेऊन यायचा आणि वडील शटर अर्धं वर करून काम करायचे. मी शाळेतून आलो की तिथेच बसायचो, प्लग साफ करणं, कार्बोरेटरचे जेट फुंकून बघणं हे सगळं मी तिथे शिकलो, कुठल्या क्लासमध्ये नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे पाठीवरच्या पॉवर स्प्रेचं टू-स्ट्रोक इंजिन आणि चेनसॉचं इंजिन, जात एकच. त्यामुळे बागायतदारांनी जेव्हा लाकूड कापायच्या मशीन घेतल्या तेव्हा त्या बिघडल्यावर आपोआप आमच्याकडे यायला लागल्या. जुनी बाग काढली की एकरभर खोडं पडलेली असतात, त्यात बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी. पूर्वी हे कुऱ्हाडीने व्हायचं, मग माणसं मिळेनात, मिळाली तर परवडेनात. बरीच वर्षं आम्ही फक्त रिपेअरिंग करत होतो, विक्री नंतर सुरू केली आणि मला आजही वाटतं की हा क्रम फार चांगला पडला, कारण कुठली मशीन कशाने मरते हे आम्ही खोलून बघितलेलं होतं.

आणि मरते कशाने? बहुतेक वेळा इंजिन खराब नसतंच. चेन बोथट झालेली असते. माणूस बोथट चेन लाकडावर जोर देऊन दाबतो, मशीन तापते, बार (ज्या पात्यावरून चेन फिरते ते) निळा पडतो, चेन ऑईल संपलेलं लक्षात येत नाही, तसंच रेटत राहिलं की पिस्टनला ओरखडे पडून मशीन जाम. मग तो म्हणतो कंपनी खराब. अशा मशीन आमच्या टेबलावर इतक्या आल्या की विक्री सुरू करताना मी आणि वडिलांनी एक गोष्ट ठरवून टाकली, जो मशीन नेईल त्याने दुकानातच कानस हातात घेऊन निदान चार दात स्वतः घासायचे, त्याशिवाय बिल नाही. काही लोक वैतागतात, घाईत असतात. पण तेच लोक पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतात.

यात एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. आपण जी चेन आज वापरतो तिच्या दातांची रचना अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने शोधली. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एक अळी बघितली, ती जबडा डावीउजवीकडे चालवत लाकडाच्या आडवं आणि उभं दोन्हीकडे सहज जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी चेन बनवली आणि १९४७ पासून ओरेगन राज्यात धंदा सुरू केला, आज ओरेगन याच नावाने त्या चेन जगभर मिळतात, आमच्या काउंटरवर पण आहेत. हे मी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो कारण मग त्याला कळतं की डाव्या बाजूचे दात जास्त घासले आणि उजवे कमी, तर मशीन लाकडात तिरपी का जाते.

आता घरच्या सरपणासाठी मशीन कोणती घ्यायची, हा प्रश्न आमच्याकडे थंडी लागली की रोज येतो. निफाडला पारा खाली जातो तेव्हा बंब पेटल्याशिवाय गावाकडे आंघोळी होत नाहीत, गॅस घरोघर असला तरी पाण्याला आणि भाकरीला लाकूडच लागतं. त्यात हुरडा पार्ट्या, त्यात मखमलाबाद, गंगापूर रोडकडची चुलीवरची मिसळवाली हॉटेलं, त्यांना तर बारा महिने जळण पाहिजे आणि तेही एका मापाचं, फूट-सव्वा फूट, नाहीतर चुलीत बसत नाही.

माणूस येतो आणि सरळ म्हणतो, "शेठ, सगळ्यात मोठी दाखवा." मी विचारतो, "मामा, लाकूड केवढं आहे तुमचं?" मग तो हाताने दाखवतो आणि ते दहा-बारा इंचाच्या वर जात नाही. त्याला बावीस इंची बार कशाला पाहिजे? बाजारात ५८ सीसी लिहिलेल्या मशीन पाच-सात हजारांत मिळतात, पेट्रोल-ऑईल भरून आणि बार लावून त्या सहा-सात किलोच्या होतात. दुकानात दोन मिनिटं उचलून काही वाटत नाही पण अर्धा दिवस वाकून ओंडके कापले की कंबर आणि मनगट बोलायला लागतं, आणि थकलेल्या हातात चेनसॉ ही काळजीची गोष्ट आहे. घरच्या सरपणाला तीस-पस्तीस सीसी आणि चौदा किंवा सोळा इंची बार भरपूर झाला. श्टील कंपनीची एमएस १८० घ्या, ती ३१.८ सीसीची आहे आणि बार-चेन सोडून चार किलोच्या आसपास भरते, या मापाच्या इतरही चांगल्या कंपन्यांच्या मशीन आहेत. सोळा इंची बारने बारा-तेरा इंचाचं लाकूड एका दमात कापतं आणि त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी घ्यायचं. रोज चिंचेचे, आंब्याचे मोठे बुंधे कापायचे असतील, ठेकेदारी असेल तरच पंचेचाळीस-पन्नास सीसीकडे जा.

पाच-सात हजारवाली घेऊच नका असं मी म्हणणार नाही. वर्षातून एखादा ट्रॉलीभर लाकूड कापणाऱ्याला ती चालते. पण घेताना एवढं बघा की चेन ब्रेक खरंच काम करतो का, म्हणजे मशीन चालू करून रेस दिली आणि पुढचा पंजा, म्हणजे हँडलपुढची हाताची ढाल, ढकलला की चेन जागेवर थांबली पाहिजे. आणि स्पेअर कुठे मिळणार ते दुकानदाराला आधी विचारा. दोरीचा स्टार्टर, ऑईल पंप, क्लच हे पार्ट लागणारच. पार्ट नाही तर मशीन भंगारात, मग ती कितीलाही घेतलेली असो.

गंगापूर रोड, कॉलेज रोडचे बंगलेवाले विचारतात इलेक्ट्रिक चालेल का. चालेल की, घराजवळच कापायचं असेल, आवाज कमी पाहिजे असेल तर छानच, पेट्रोल-ऑईलचं झंझट नाही. फक्त दोन हजार वॅटची मशीन नऊ अँपियरच्या आसपास ओढते, तिला टीव्हीच्या बोर्डवरून बारीक वायरने चालवू नका. सोळा अँपियरचा पॉइंट आणि वायर लांब असेल तर २.५ स्क्वेअर एमएमची. वायर बारीक असली की मशीनला व्होल्टेज कमी मिळतं, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळतं, आणि वाइंडिंगला आलेल्या बऱ्याच मशीनचं कारण हेच निघतं. मळ्यात मात्र लाईटचा भरवसा नाही, तिथे पेट्रोलच.

२०२० चा जून आमच्या दुकानाला वळण देणारा ठरला. लॉकडाऊनमध्ये सगळं ठप्प होतं, त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडला किनाऱ्यावर आलं आणि त्याचा झोत इकडेपर्यंत पोचला, झाडं पडली, रस्ते अडले, सोसायट्यांच्या गेटवर फांद्या. माणसं नव्हती कापायला. तेव्हा आम्ही रिपेअरिंगच्या मशीन सोडून स्वतःच्या दोन मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली, सोबत आमचा माणूस. भाड्याचं काम आजही चालू आहे आणि ज्याला वर्षातून एकदाच कापायचंय त्याला मी तेच सांगतो, विकत घेऊ नका, भाड्याने न्या. धंद्याचं नुकसान वाटेल कोणाला, मला नाही वाटत.

द्राक्षवाल्यांना एक वेगळी सूचना असते. जुन्या बागेच्या खोडात तार गेलेली असते. मांडवाची जीआय तार वर्षानुवर्षं खोडाला टेकून राहते आणि साल तिच्यावर चढते, वरून दिसत नाही. चेन तिला लागली की एका सेकंदात दहा-बारा दातांची धार जाते. म्हणून खोड हातात घेऊन फिरवून बघायचं, कुठे फुगलेलं, आवळल्यासारखं दिसलं की ते टोक बाजूला ठेवायचं. आणि मुळासकट उपटलेल्या खोडाला माती असते, ती आधी झटका, खोड सुकू द्या, मग ब्रशने झाडा, कारण मातीतली वाळू चेनला तारेइतकीच वाईट. ओंडका कधी जमिनीवर ठेवून आरपार कापू नका, खाली घोडी करा, दोन आडव्या फांद्या ठेवल्या तरी चालतं.

धार गेली हे ओळखायचं कसं तर भुशाकडे बघा. धार असली की मशीनमधून जाडसर सालपटं उडतात, बोटात धरता येतात. धार गेली की पिठासारखा बारीक भुसा आणि थोडा धूर. तेव्हाच थांबायचं. छोट्या मशीनच्या थ्री-एट लो प्रोफाइल (हे चेनच्या मापाचं नाव) चेनला ४ एमएमची गोल कानस लागते, पॉइंट तीन-दोन-पाचच्या चेनला ४.८ एमएमची, चेन कुठली ते बारवर लिहिलेलं असतं. दातावरच्या रेषेला धरून तीस डिग्रीत, कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी दोन हात मारले तर चेन शेवटपर्यंत बोथट होतच नाही. दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो, रेकर, तो पण चार-पाच धारांनंतर चपट्या कानशीने थोडा उतरवावा लागतो, साधारण ०.६५ एमएम दाताच्या खाली. याच्यापेक्षा जास्त उतरवला तर मशीन लाकडाला झटके देते.

ऑईलचं सांगतो, कारण याच्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑईल कंपनी सांगेल त्या प्रमाणात, ५०:१ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजे झाकणाने नाही, मापाने. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मिक्स करून महिनोनमहिने ठेवू नका, लागेल तेवढंच बनवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पुढच्या दिवाळीला कार्बोरेटरमधलं डायफ्रॅम (पातळ पडदा) कडक झालेलं मिळेल. चेनच्या टाकीत गाडीचं जळकं ऑईल ओतायची सवय आपल्याकडे खूप आहे, त्यातल्या कचऱ्याने ऑईल पंप जाम होतो आणि ते काळं तेल लाकडावर, अंगावर उडतं ते वेगळंच. ऑईल चेनपर्यंत पोचतंय का हे बघायला बारचं टोक जुन्या पेपरवर, न टेकवता धरून रेस द्या, पेपरवर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बारच्या टोकाचा वरचा कोपरा. तो लाकडाला टेकला की बार उसळी मारून सरळ तोंडाकडे येतो, त्याला किकबॅक म्हणतात आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणून मशीनच्या मागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डाव्या बाजूला. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, शिडीवर तर नाहीच. गळ्यातलं उपरणं, मफलर काढून ठेवा. चष्मा आणि आवाज अडवणारं कानाचं साधन आमच्याकडे मशीनसोबतच देतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही, कारण वेगळे लावले की लोक नेत नाहीत.

कोणी विचारतं दारातलं झाड पाडायला मशीन पाहिजे. त्याला मी आधी परवानगीचं विचारतो. शहरात १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि गावाकडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, चिंच, मोह, साग, खैर ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. आमच्या भाड्याच्या मशीन उभ्या झाडाला कागद बघितल्याशिवाय जात नाहीत. पडलेलं, वाळलेलं, छाटणीचं लाकूड इतकं आहे आपल्याकडे की सरपणाला उभ्या झाडाला हात लावायची गरजच पडत नाही. हो, आणि बाभूळ ओली असतानाच तुकडे करून फोडून ठेवा, वाळल्यावर तिचा गाभा चेन खाऊन टाकतो, ओली कापून उन्हाळाभर वाळवली की पावसाच्या आत सरपण तयार.

आता वडील रोज येत नाहीत, आले की कार्बोरेटर मात्र स्वतःच खोलतात. पुतण्या सर्व्हिस बघतो, त्याच्या आग्रहाने बॅटरीवरच्या मशीन बघायला घेतल्यात. हातातली छोटी, सहा इंची बारवाली, ती फांद्यांना आणि बागेतल्या ओलांड्यांना (वेलीच्या आडव्या फांद्यांना) छान आहे, बायामाणसं पण सहज चालवतात, पण ओंडक्याला नाही पुरत. मोठ्या बॅटरीवाल्या ओंडका कापतात, आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची नाही, फक्त बॅटरीची किंमत मोठी आहे. आम्ही कंपनीवाल्यांना एकच विचारतोय की पाच वर्षांनी हीच बॅटरी नाशिकमध्ये मिळेल का आणि केवढ्याला. ज्याच्याकडून हे लेखी मिळेल त्याची मशीन या थंडीत काउंटरवर ठेवणार आहोत.