सिकलसेलचं हिमोग्लोबिन: चित्र कुठवर आलं

सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचं चित्र आता छापण्याजोगं झालंय. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशीचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ती का वाकते, हे रेणूच्या पातळीवर दाखवणारं आणि मराठी नावं असलेलं चित्र मला हवं होतं.

सुरुवात सपाट रचनांपासून केली. ग्लुटामिक आम्ल आणि व्हॅलिन ही दोन अमिनो आम्लं केचर या रेणू रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी काढली. हिमोग्लोबिनच्या रेणूत अमिनो आम्लांच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल म्हणाल तर एवढाच. ग्लुटामिकच्या टोकाला ऋण भार असलेला कार्बोक्झिल गट, तर व्हॅलिनला नुसते दोन मिथाइल. दोन्हींचा पाठीचा कणा (दोघांतही सारखाच असलेला भाग) एकाच कोनात ठेवला आणि बंधांची लांबी सारखी घेतली, की नजर आपोआप फरकावर जाते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांसाठी केमड्रॉ या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी मापं ठरलेली आहेत (बंध १४.४ पॉइंट, साखळीचा कोन १२० अंश), तीच मी सगळीकडे वापरते. सपाट चित्रांत शिस्त हीच अर्धी कामगिरी.

खरी मजा त्रिमितीत आली. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली २एचबीएस ही फाइल कायमेराएक्स या त्रिमिती रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. ही रचना स्फटिकावरून काढलेली आहे. तिच्यात ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनचे दोन अख्खे रेणू आहेत, म्हणजे आठ साखळ्या आणि ११४८ अमिनो आम्लं. सगळं एकदम दाखवलं तर रंगीत गुंता होतो. म्हणून सातत्याने लपवत गेले: अणू बंद, फक्त फिती (साखळीचं वळण तेवढं दाखवणारं रूप) चालू, अल्फा साखळ्या फिकट राखाडी, बीटा किंचित गडद. हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त गट, मात्र ठेवले, लाल. ते काढून टाकले तर हे हिमोग्लोबिन आहे हे कुणाला कळणार?

मग सहाव्या क्रमांकाचे व्हॅलिन निवडून काड्यांच्या रूपात दाखवले. प्रत्येक रेणूत असे दोन असतात, पण शेजारच्या धाग्यातल्या (रेणू एकापुढे एक लागून धागा बनतो) रेणूला बाजूने चिकटण्यात त्यातलं एकच भाग घेतं. ते कोणतं, हे आसपासच्या पाच अँगस्ट्रॉममधली (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आम्लं निवडली की लगेच कळतं. त्या व्हॅलिनसमोर दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतले फेनिलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ उभे असतात, आणि त्यांच्यामध्ये एक खाच. त्या रेणूला पृष्ठभाग चढवून ‘एमएलपी’ आज्ञा दिली, ती पाण्याशी असलेल्या नात्याप्रमाणे रंग भरते. पाणी टाळणारा भाग सोनेरी, पाणी धरणारा निळसर हिरवा. खाच सोनेरी आणि तिच्यात व्हॅलिनचे दोन मिथाइल नेमके बसलेले! हा कोन सापडला तेव्हा मी माउसवरून हात काढला आणि दृश्य जपून ठेवलं.

तुलनेसाठी निरोगी हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही फाइल घेतली. तीही ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेतली आहे, म्हणून तुलना रास्त ठरते. कायमेराएक्समधल्या ‘मॅचमेकर’ या रचना जुळवणाऱ्या आज्ञेने बीटावर बीटा बसवली. फिती जवळजवळ एकमेकींवर पडतात. रेणूचा बांधा बिघडलेला नाही, बाहेरच्या अंगावरची एक जागा तेवढी चिकट झालीय. मला सांगायचं होतं ते हेच, त्यामुळे मुख्य चित्राशेजारी हा छोटा चौकोन राहणारच.

प्रकाश ‘सॉफ्ट’, कडेला काळी रेघ, पार्श्वभूमी पारदर्शक. नावं इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, कारण तिथे जोडाक्षरं हवी तशी बसवता येतात.

आता पुढचा टप्पा तंतूचा. पेशीत असे रेणू जुळून चौदा धाग्यांचा पीळदार तंतू बनतो आणि त्यानेच पेशी वाकते. २एचबीएसच्या स्फटिकातले दोन धागे मात्र जवळजवळ सरळ आहेत. त्यामुळे फाइलमधल्या रेणूंची नुसती पुनरावृत्ती करून भागणार नाही, पीळ स्वतः द्यावा लागेल. प्रत्येक रेणूचा बारीक पृष्ठभाग दाखवावा की ढोबळ गोळा, यावर माझं अजून ठरत नाहीये. कोलॅजेन किंवा अॅक्टिन या प्रथिनांचे तंतू ज्यांनी काढलेत, त्यांनी आपली पद्धत जरूर सांगा.