उलटी बाजू

घरात एक जुनी सोलापुरी चादर होती. मधोमध विरलेली, कडेला मात्र अजून ठणठणीत. संक्रांतीला आमच्या सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरते; तिथल्या थंडीत घालायला तिची बिनबाह्यांची बंडी शिवायची, असं डिसेंबरात ठरवलं. चादर फरशीवर पसरली, खडू हातात घेतला आणि बसून राहिले. सुलटी बाजू कुठली?

या चादरीला उलटी बाजू नसतेच. जकार्डच्या मागावर ती अशी विणतात की एका अंगाला पांढऱ्यावर तांबडं फूल उठतं, तर दुसऱ्या अंगाला तेच फूल तांबड्यावर पांढरं. कुठूनही पांघरा. आणि मी निघाले होते तिचं एक अंग कायमचं अस्तराखाली घालायला.

पण कापडाला नसली तरी शिवणीला उलटी बाजू असतेच. चादर कातरली की कडेचे धागे सुटतात आणि सुटतच राहतात. ओव्हरलॉक, म्हणजे कडेवर मशीनची दोऱ्याची गुंफण, मारून भागलं असतं. आमच्या गावात शाळांचे गणवेश ढिगानं शिवले जातात, ते सगळे आतून ओव्हरलॉकच. पोरं काही कॉलर उलटून बघत नाहीत. मला मात्र एकही कापलेली कड दिसायला नको होती.

त्याची युक्ती अशी. चादरीचे खांदे जोडायचे, अस्तराचे वेगळे जोडायचे. मग दोघांची तोंडं एकमेकांकडे करून गळा, पुढच्या कडा, हात घालायचे मुंढे, खालचा घेर असं सगळीकडून टीप मारायची. फक्त बगलेखालच्या बाजू उघड्या. वळणांवर कात्रीनं बारीक काप द्यायचे, नाहीतर मुंढा आखडतो. नंतर पुढचे दोन्ही भाग खांद्यांच्या बोळातून पाठीकडे ओढून बाहेर काढायचे. रुबियासारखं पातळ कापड असेल तर हे जादूसारखं होतं. चादरीचं मात्र अर्धा तास बाळंतपण चाललं. एक बाजू निघाली, दुसरी खांद्यात अडकली, शेवटी लाटणं आणलं. मग बगलेची शिवण चादरीवरून सलग अस्तरावर न्यायची आणि अस्तरात चार बोटं फट ठेवायची. ती शेवटी हातानं शिवून बंद करायची.

जाड वाटू नये म्हणून आतली जादा कापडं मी टिपेपर्यंत छाटली होती. इस्त्री फिरवली तर बंडी अशी सपाट बसली, की दोन दिवस येईल त्याला आतून उघडून दाखवत होते. घातल्यावर बगलेत जरा आवळायची. तिकडे काणाडोळा केला.

संक्रांत झाली, बंडी धुतली आणि घेर वर मुडपला. चादर शंभरदा धुतलेली, ती कशाला आटेल? आटलं नवं सुती अस्तर. ते आधी रात्रभर भिजवायचं असतं हे मला ठाऊक होतं. कंटाळा केला, दुसरं काय.

अशोक चौकाकडे एक अक्का ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी बंडी हातात घेतली आणि पुढून न बघता थेट आतून चाचपली. माझी हातशिलाई ब्लेडनं उसवली, फटीतून दोन बोटं घातली.

"माया कुठाय?"

छाटली, म्हणाले.

"दार ठेवलंस गं, घरात काय न्हाई."

अक्कांच्या ब्लाउजांना आतून दोन्ही बगलांत दीड-दोन बोटं माया असते आणि तीन-तीन टिपा. दिसायला काही फार देखणं नाही. पण बाई बाळंत होऊन आली, की एक टीप उसवून तोच ब्लाउज पुढे चालू. गड्ड्याच्या मिरवणुकीत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या बाराबंदीला, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याला, तीही गरज नाही; पोट वाढलं तर बंद सैल बांधायचे. अडली फक्त माझी बंडी.

अक्कांनी उपाय सांगितला. नवं अस्तर आण, भिजवून आण. आणि उरलेल्या चादरीच्या दोन पट्ट्या; त्या दोन्ही बगलांत घालू, म्हणजे मोकळं होईल. पट्ट्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठलं अंग वर घेऊ?"

म्हटलं, यावेळी दुसरं घ्या.

अस्तर बादलीत पडलंय. बगलेत मात्र तांबड्यावर पांढरी फुलं येऊन बसली आहेत. हात वर केला की दिसतात.