तुम्ही विचारलंत म्हणून: इंटिरियरवाल्याला कधी बोलवायचं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की लोक मला हे विचारतात. "मॅडम, घर बांधायलोत. तुमाला कधी बोलवायचं?" मी लातूरला घरांच्या इंटिरियरचं काम करते. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्लॅब पडायच्या आधी बोलवा. ते जमलं नाही तर निदान वीटकाम चालू असताना. इलेक्ट्रिशियननं भिंतीत झिऱ्या म्हणजे खाचा मारल्या, पाइप टाकले आणि त्यावर प्लास्टरही होऊन गेलं असेल, तर मला बोलवण्यापेक्षा चांगला सुतार शोधा. त्यात तुमचे पैसे वाचतील.

आपल्याकडं इंटिरियरवाला आठवतो तो वास्तुशांतीची तारीख निघाल्यावर. फरशी बसलेली असते, पुट्टी झालेली असते, पाहुण्यांना फोन गेलेले असतात. तेव्हा माझ्यासाठी उरतं काय? कपाटांचा रंग, पडदे, टीव्हीमागची भिंत. चांगल्या मिस्त्रीसोबत बसून ही कामं तुम्ही स्वतःही करू शकता. घर राहायला सोयीचं होणार की अडचणीचं, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं.

साधी दाराची चौकट घ्या. कोपऱ्यापासून 4 इंच सोडायचे आणि चौकट उभी करायची, ही गवंड्यांची नेहमीची पद्धत. कपड्यांचं कपाट मात्र 2 फूट खोल लागतं, कारण हँगरला शर्ट लावला की तो तेवढी जागा घेतो. मग दाराशेजारच्या त्या भिंतीला कपाट करायचं तर ते थेट दारात येतं. 10 बाय 12 च्या खोलीतली एक अख्खी भिंत अशी वाया जाते. विटांचे दोन-तीन थर झालेले असताना तीच चौकट सव्वादोन फुटांवर सरकवायला फारसा खर्च येत नाही. स्लॅबचंही असंच आहे. पंख्याचे हुक आणि दिव्यांचे पाइप लोखंडावर टाकून मगच काँक्रीट ओततात. पलंग कुठं येणार हे त्या दिवसापर्यंत ठरलेलं नसेल तर पंखा खोलीच्या मधोमध येतो आणि माणसं दुसरीकडं झोपतात.

आपल्या भागात कूलरचा विचार फार आधी करावा लागतो. मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो आणि घरोघरी कूलर लागतात, हे माहीत असूनही नकाशात कूलरला जागा नसते. मग वायर खिडकीतून आत लोंबते आणि रोज बादलीनं पाणी भरावं लागतं. खिडकीबाहेर कूलरपुरता मजबूत कठडा, हाताशी एक प्लग आणि टाकीवरून आलेला छोटा नळ, एवढंच लागतं. समोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला खिडकीही हवी, नाहीतर खोली गार होण्याऐवजी दमट होते. अशा खोलीत पीओपीची नक्षीदार फॉल्स सीलिंग करू नका असं मी स्पष्ट सांगते. दर उन्हाळ्यात तिला ओल लागणार.

ओट्याबद्दल मी सगळ्यात जास्त भांडते. ठेकेदार सरसकट एका उंचीचा ओटा बांधून मोकळा होतो, बाई पावणेपाच फुटांची असो की साडेपाच. चिरायला, निवडायला ओटा कोपराच्या 4 ते 6 इंच खाली असला की चालतो. भाकरीला तेवढ्यानं भागत नाही. भाकरी थापताना जोर वरून खाली पडतो आणि परातीचा काठ आणखी उंची खातो. औशाच्या एका घरी मी विटा रचून त्यावर फळी टाकली, फळीवर परात ठेवली आणि घरच्या काकूंना पीठ मळून भाकरी थापायला सांगितलं. त्या थापत होत्या आणि आम्ही मधूनमधून विटा काढत होतो. खांदे वर न चढता हात मोकळा पडायला लागला, तेव्हा टेप लावला. 29 इंच आले. भाकरीपुरता तेवढा तुकडा खाली घेतला, बाकीचा ओटा 32 वर ठेवला. ओट्याखालचे कडप्प्याचे उभे दगड बसायच्या आधी आम्ही हे केलं म्हणून ते सहज झालं.

जो डिझायनर तुमची ज्वारी कुठं ठेवायची हे विचारत नाही, त्याला मराठवाड्यातलं घर कळलेलं नाही असं मी समजते. शेतातून वर्षाचं धान्य पोत्यांनी येतं आणि मॉड्युलर किचनच्या ड्रॉवरमध्ये ते मावत नाही. पाण्याचंही तेच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं हौद आणि टाकी कुठं हे इथं सोफ्याच्या आधी ठरवायचं असतं. आणि बोअरचं पाणी जड असेल तर न्हाणीघरात काचेचं पार्टिशन आणि काळे नळ घेऊ नका. पांढरे डाग पुसता पुसता जीव जाईल.

जुन्या घरात बदल करायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, मग आम्ही. "ही मधली भिंत काढू, हॉल मोठा दिसेल," असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत आणि आसपासच्या गावांत माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या छतांखाली, गाडली गेली. भिंतीवर काय पेललेलं आहे हे न बघता तिला हात लावायची हिंमत या जिल्ह्यात तरी कुणी करू नये.

फीबद्दलही विचारता, म्हणून सांगते. कुणी चौरस फुटावर घेतं, कुणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर, कुणी मालासकट सगळं काम अंगावर घेतं. टक्क्यांच्या हिशेबात खर्च वाढला की फीही वाढते, हे आधीच लक्षात घ्या. लहान घराला नुसती ड्रॉइंग आणि साइटवर चार-सहा भेटी एवढंच ठरवून घेतलेलं बरं. प्लायवूड कुठलं ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. पाण्याजवळच्या कपाटांना आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलंच हवं, आणि तो शिक्का कापायच्या आधी शीटवर स्वतः बघा. आणखी एक. 1972 च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही, पण इंटिरियर डिझायनर म्हणवायला अशी नोंदणी लागत नाही. म्हणून मोबाइलवरचे फोटो बघून भुलू नका. तीन-चार वर्षं वापरात असलेलं एखादं घर दाखवा म्हणा. तिथं ड्रॉवर ओढून बघा, कपाटांची दारं खाली आलीत का बघा आणि घरच्या बाईंना एकटं गाठून विचारा.

एका बाबतीत मात्र मी लवकर येऊ नका म्हणते. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला असतो, तो फोटो पाठवत राहतो, आणि राहणार असतात आईवडील. काही विचारलं की ते म्हणतात, "पोरगा म्हणंल तसं." आई खाली बसून भाजी निवडते की उभ्यानं, रात्री वडिलांना किती वेळा उठावं लागतं, दिवाळीला लेकीबाळी आल्या की गाद्या कुठं पडतात, हे मुलाला पाच-सात वर्षांपूर्वीचं माहीत असतं. अशा घरी मी पेन्सिल उचलत नाही. आधी मुलाला चार दिवस घरी येऊन राहायला सांगा, सगळे मिळून बोला. मग नकाशा घेऊन या, आणि आईंना सोबत आणा. पहिला तास मला त्यांच्याशीच बोलायचं असतं.