काकवीची आठवण करून देणारी पिंट: तिसऱ्या बॅचपर्यंतची नोंद

२००५ च्या हिवाळ्यात, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला शिकत असताना, एक मित्र मला बसने टेकडीवरच्या एका पबमध्ये घेऊन गेला होता. गावाचं नाव विसरलो, बिअरचंही. लक्षात राहिलं ते एवढंच: लांबलचक बार नव्हता, मधोमध लाकूड-काचेची छोटी खोली होती आणि तिकीट खिडकीशी वाकावं तसं वाकून बिअर मागायची. पिंट काळी दिसायची, दिव्यासमोर धरली की डाळिंबासारखी लाल. पहिल्या घोटाला मला आमच्या कागलकडच्या गुऱ्हाळातली काकवी आठवली. मित्र तिला ‘माइल्ड’ म्हणाला होता, म्हणजे कमी कडवट इंग्लिश बिअर.

तीच बिअर घरी बनवायला घेतली, तेव्हा या एका शब्दाने पहिली बॅच बिघडवली. आजची बहुतेक माइल्ड ३ ते ४ टक्के अल्कोहोलची असते, म्हणून मी ओजी (आंबवण्याआधीची घनता) १.०३६ धरला, रंगासाठी चॉकलेट माल्ट (मोड आणून गडद भाजलेले जव) घातलं आणि काकवीच्या चवीसाठी चक्क गूळ. गुळातली साखर यीस्टने पूर्ण फस्त केली. गोडवा गेलाच, अंगही (तोंडात जाणवणारा दाटपणा) पातळ झालं, वर चॉकलेट माल्टचा कॉफीसारखा कडवटपणा. रंग तपकिरी-काळा, लालीचं नाव नाही.

मग आठवणीकडेच परत गेलो. त्या रात्री दोन पिंटनंतर बसथांब्यावर पाय जड झाले होते, ते साडेतीन टक्क्यांनी होत नाही. टेकडी, वाकून मागायची खिडकी, लाल रंग आणि जोरदार माइल्ड, हे सगळं एकत्र बसतं ते वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या सेजलीच्या बीकन हॉटेल या पबमध्ये. बिअर सारा ह्यूज डार्क रुबी, ६ टक्के. पबच्या मागेच छोटी ब्रुअरी आहे. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली होती. सारा ह्यूज यांच्या नातवाने १९८७ मध्ये पुन्हा सुरू केली. गेल्या महिन्यात जाऊन आलो. खिडकी तीच. घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

ही काकवी क्रिस्टल माल्टमधून येते. भिजवून मोड आणलेले जव ओले असतानाच तापवले की दाण्याच्या आतच साखर तयार होते, मग ते भाजतात. या साखरेचा बराच भाग यीस्टला पचत नाही, त्यामुळे गोडवा आणि अंग दोन्ही टिकतात. काळं माल्ट नसेल तर लाल रंगही झाकला जात नाही.

बॅच २, १० लिटर: मॅरिस ऑटर (नेहमीचं फिकट माल्ट) २.१ किलो, क्रिस्टल ७०० ग्रॅम. हे प्रमाण माझ्या अंदाजाचं. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६८ अंशांवर, विंडसर यीस्ट. ओजी १.०५८, पण एफजी (आंबवल्यानंतरची घनता) १.०२२ वर अडकला. विंडसरला माल्टोट्रायोज ही माल्टमधली साखर खाता येत नाही, त्यात मॅश गरम; बिअर पाकासारखी झाली. रंग मात्र अचूक! खिडकीत ग्लास धरून बराच वेळ बघत बसलो.

बॅच ३: धान्य तेच, मॅश ६५ अंशांवर, यीस्ट एस-०४. उकळताना हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं): फगल २० ग्रॅम ६० मिनिटं, गोल्डिंग्ज १५ ग्रॅम शेवटची १५ मिनिटं. एफजी १.०१५, म्हणजे साधारण ५.६ टक्के. प्रायमिंगला (फेसासाठी बाटलीत भरताना) फक्त ३० ग्रॅम साखर, कारण कास्कची (पिंपातली) बिअर फसफसती नको. १२ अंशांवर प्यायची. फ्रिजमधून थेट काढली तर चव मिटून जाते.

काल सेजलीहून आणलेली बाटली शेजारी ठेवून चाखली. गोडवा जुळला, अंग जवळपास जुळलं. त्यांच्याकडे काळ्या मनुकांचा जो वास आहे, तो माझ्यात नाही. माझी अजून पाच आठवड्यांचीच आहे. अर्धी बॅच आणखी दोन महिने तळघरात ठेवतोय आणि चौथीत गडद क्रिस्टल अर्ध्या प्रमाणात घालणार आहे. कुणी इतकं क्रिस्टल वापरून मनुकांचा वास आणला असेल, तर यीस्ट कोणतं आणि किती अंशांवर, तेवढं नक्की सांगा.